शालूच्या लग्नाची तारीख

जाईबाईच्या नवऱ्याला दारूचं व्यसन नव्हतं, पत्त्यांचं नव्हतं, आणि बिडी तो ओढायचा ती कुणी पुढं केली तरच. अकोट फैल वस्तीतल्या शेजारणी तिला नेहमी म्हणायच्या, बाई, तू नशीब काढलंस. त्यावर जाईबाई तोंड उघडायची आणि पुन्हा मिटायची, कारण देवमन तेलगोट्याला जे व्यसन होतं ते सांगितलं असतं तर बायका हसल्या असत्या. त्याला तारखांचं वेड होतं. ज्या तारखेला जगात काही मोठं घडलं असेल त्याच तारखेला घरात शुभकार्य करायचं, आणि ज्या तारखेला काही घडलं नसेल त्या तारखेला घरात मांजरसुद्धा व्यायला नको, असा त्याचा खाक्या होता.

अकोल्यातल्या एका सरकारी कचेरीत तो चपराशी होता. सकाळी साहेब यायच्या आत टेबल पुसायचं, माठ भरायचा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचं कालचं पान फाडायचं. फाडलेली पानं बाकीचे चपराशी सुपारी गुंडाळायला न्यायचे. देवमन त्यातली निवडक पानं खिशात घालून घरी आणायचा आणि कणकेच्या खळीनं भिंतीला चिकटवायचा. चौदा एप्रिल, वीस मार्च, पंचवीस डिसेंबर, एक जानेवारी. खळीला कणीक लागायची ती जाईबाईच्या डब्यातली, आणि खळीच्या वासानं झुरळं यायची ती पण जाईबाईच्याच स्वयंपाकात.

छप्पन्न सालच्या दसऱ्याला, चौदा ऑक्टोबरला, दोघं अकरा वर्षांच्या शालूचा हात धरून नागपूरला गेली आणि लाखो लोकांबरोबर बौद्ध होऊन परत आली. आल्या आल्या देव्हाऱ्यातले टाक मोर्णा नदीत गेले, उपासतापास गेले आणि पंचांगही गेलं. पंचांग गेल्याचा जाईबाईला सगळ्यांत जास्त आनंद झाला. तिच्या स्वतःच्या लग्नाच्या वेळी तिचा बाप गावच्या जोशाच्या दारासमोर दुपारभर उन्हात उभा होता. जोशानं ओट्यावरून खाली न उतरता, दक्षिणा लांबूनच ठेवायला लावून एक दिवस सांगितला, आणि तो नेमका असा निघाला की तिच्या सख्ख्या मामाला येता आलं नाही. तेव्हा जोशी सुटला म्हणून तिनं सुस्कारा टाकला. पण सुटका कसली. जोशी गेला आणि त्याच्या जागेवर नवरा येऊन बसला.

बरं, देवमनचं म्हणणं ऐकलं की ते चूक आहे असं तोंडावर म्हणताही येत नसे. जाईबाईचा खरा वैताग हाच होता. माणूस सरळसरळ मूर्ख असला तर बायकोला एक आधार असतो.

"मी कधी जलमलो, कोनाले ठाऊक हाय?" तो विचारायचा. "माय म्हने, जवारी निसवली होती तवा झाला. कोनत्या सालची जवारी, ते तिले बी मालूम नाई. नोकरीले लागलो तं बडे बाबूनं पान खाता खाता एक जुलै लिवून टाकली. त्या बाबूनं मले जलम देला."

"मंग?"

"मंग काय. आपल्या लोकायले तारीखच नव्हती. आता भेटली हाय, तं वापरावी का नाई?"

"वापरा ना. पन जरा घाईनं वापरा," जाईबाई म्हणायची आणि चुलीत फुंकर मारायची.

एकसष्ट साली फेब्रुवारीत त्यांच्या अंगणात नगरपालिकेचा नळ आला. तोवर जाईबाई रेल्वे लाइनीच्या कडेच्या सार्वजनिक नळावरून पाणी आणत होती, रांगेत भांडत होती, घागरी आपटत होती. हंगामाचे दिवस असले की पहाटे पाणी भरून मग कापसाच्या जिनात रुई निवडायला जायची. नळ बसवणाऱ्यानं तोटी घट्ट केली, हात पुसले आणि म्हणाला, घ्या, करा चालू. देवमननं तोटीवर हात ठेवला आणि जाहीर केलं की नळ वीस मार्चला उघडायचा. वीस मार्चला बाबासाहेबांनी महाडच्या तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं होतं, तेव्हा आपल्या दारचं पाणी आपण त्याच दिवशी प्यायचं. झालं. जाईबाई अंगणातल्या कोऱ्या नळाला वळसा घालून पुन्हा त्या रांगेत जाऊन उभी राहू लागली. बायका विचारायच्या, काहून वं, नळ बिघडला काय. ती सांगायची, नळ चांगला हाय, मालक बिघडला हाय.

वीस मार्चला देवमननं वस्तीतली माणसं गोळा केली, चांगलं लांबलचक भाषण केलं आणि तोटी फिरवली. नळातून फुसफुस हवा आली. कुठं तरी पाइप फुटला होता आणि त्या दिवशी वस्तीला पाणी सोडलंच नव्हतं. माणसं गुळाचा चहा पिऊन घरी गेली. जाईबाईनं घागर उचलली आणि विहिरीकडं चालू लागली.

पाणी दुसऱ्या दिवशी आलं. देवमननं ओंजळ धरली, पाणी कोपरापर्यंत ओघळलं, आणि तो पिता पिता मधेच थांबला. "माय असती तं," एवढंच म्हणाला. त्याच्या मायला गावच्या विहिरीवर कधी कुणी दोर टाकू दिला नव्हता. कुणाला दया येऊन वरून ओतलं तर घागर भरायची, नाही तर परत यायचं. ते आठवून जाईबाईचा राग जागच्या जागी विरला, आणि राग असा विरला की तिला स्वतःचीच चीड यायची. दोन दिवसांनी शेळी घ्यायची वेळ आली, तेव्हा तो म्हणाला की चौदा एप्रिलपर्यंत थांबू. मग ती चीड पुन्हा ठिकाणावर आली.

नळ थांबतो, शेळी थांबते. शालू कशी थांबणार? ती सातवी शिकली होती, शिवणकाम शिकली होती, कमी बोलायची आणि एकदा ठरवलं की बापासारखीच हलायची नाही. तिला पहिलं स्थळ आलं ते अंजनगाव सुर्जीचं. मुलगा शाळेत मास्तर, घरचं वावर. त्यांना लग्न दिवाळी झाल्या झाल्या हवं होतं. देवमनला हवा होता पंचवीस डिसेंबर, कारण त्या दिवशी मनुस्मृती जाळली होती. मुलाचा बाप समजुतीनं म्हणाला, "दादा, आमी बी बौद्धच हाओ. पन कपाशी फुटून राहिली, घरात बाईमानूस नाई. पोरगी लवकर आली तं बरं." देवमन म्हणाला, कपाशी काय, दर वर्षी येते. कपाशी दर वर्षी आली. ते स्थळ पुन्हा आलं नाही.

बासष्ट साली नांदगाव खंडेश्वरकडच्या नत्थुजी खंडाऱ्यांच्या सहदेवचं स्थळ आलं. नत्थुजी सडकेच्या कामावर मुकादम होते, शब्दाचे पक्के. सहदेव फौजेत होता. मुलगी पाहायला आला तेव्हा शालूनं पाण्याचा तांब्या पुढं केला, तर तो उठून उभाच राहिला आणि म्हणाला, "तुमी बी बसा ना." एवढ्या तीन-चार शब्दांवर पोरगी त्याची होऊन गेली. जाईबाईनं ते दारामागून पाहिलं आणि तिला फार बरं वाटलं. सहदेवची रजा सप्टेंबरात होती. नत्थुजी म्हणाले, याच रजेत उरकून टाकू. देवमन म्हणाला, छे, चौदा ऑक्टोबर. ज्या दिवशी आपण माणसं झालो त्या दिवशी पोरगी देईन. सहदेव बिचारा परत गेला, ऑक्टोबरसाठी नव्यानं रजा मागितली, ती मिळाली आणि ऐन वेळी रद्द झाली. त्याच महिन्याच्या विसाला चीननं हल्ला केला.

"सप्टेंबरात काय कमी होतं?" जाईबाईनं विचारलं.

देवमन भिंतीकडं पाहत बसला, आणि त्या भिंतीवरची सगळी पानं ओरबाडून चुलीत घालावीत असं जाईबाईला वाटलं.

तो हिवाळा कसा गेला ते तिचं तिला ठाऊक. सहदेवचं पत्र येईना. रेडिओवर नावंगावं सांगत ती कळत नसत. शालू कुणापुढं रडली नाही, पण मशीनवर बसली की तिचा पाय मधेच थांबायचा आणि सुई कापडातच राहायची. लग्न न होताच पोरीचं कपाळ पांढरं होतं की काय, या धाकानं जाईबाईला जेवण जाईना. सहदेव वाचला. पण मग इथं बदली, तिथं बदली, आणि रजा काही मिळेना. मिळाली ती चौसष्टच्या मे महिन्यासाठी, तीस तारखेच्या आत पठाणकोटला हजर व्हायच्या बोलीवर. दरम्यान शालू एकोणीस वर्षांची झाली होती आणि वस्तीतल्या जिभा सैल सुटल्या होत्या. नत्थुजींनीही होणाऱ्या व्याह्याला साफ सांगून टाकलं. "इवाई, तुमच्या तारखेपायी एक डाव थांबलो. सहदेवच्या मायनं तिच्या भावाची पोरगी पाहून ठेवली हाय. या रजेत झालं तं झालं, नाई तं मी पोराले बांधून नाई ठेवनार."

आता तरी नवरा शहाण्यासारखा वागेल असं जाईबाईला वाटलं. देवमन त्या संध्याकाळी कचेरीतून आला तो हसत हसत.

"सव्वीस मेले बुद्धपौर्णिमा हाय," तो म्हणाला. "बुद्ध त्याच दिवशी जलमले, त्याच दिवशी त्यायले ज्ञान झालं, त्याच दिवशी गेले. एका दिवसात तीन. असा दिवस भेटते कुठी?"

जाईबाईनं चुलीवरचं भांडं खाली उतरवलं, पदरानं हात पुसले आणि उंबऱ्यात बसली. "सव्वीस नाई," ती म्हणाली.

"काहून?"

"सव्वीसले मिरवनूक निंगते. भोंगे लागतात. शेषराव गुरुजीले त्या दिवशी पाच लग्नं लावाची हायत. तुमी सोता सकाळपासून झेंडा घेऊन फिरसान. माह्या पोरीकडं कोन पाहते?"

"मंग कोनता दिवस?"

"ज्या दिवशी काईच झालं नाई, असा. कोनी जलमलं नाई, कोनी मेलं नाई, कोनी काई जाळलं नाई. एक तरी दिवस रिकामा पाहा. आजवर सगळे दिवस तुमी जगाले देले. एक माह्या शालूले द्या."

देवमन म्हणाला, रिकाम्या दिवशी कुणी लग्न करतं का. जाईबाई म्हणाली, स्वयंपाकही मग पौर्णिमेलाच होईल. आणि ती उंबऱ्यातून उठली नाही. दोन वेळा फुटाणे खाऊन देवमन कचेरीत गेला, तेव्हा त्याचं डोकं जाग्यावर आलं. मग चार दिवस तो ज्याला त्याला विचारत फिरला, जुने पेपर चाळत बसला. शेवटी पडलेल्या चेहऱ्यानं घरी आला.

"सत्तावीस तेवढी सापडली. पन ते बी पुरी रिकामी नाई. पस्तीस साली त्या दिवशी रमाई गेल्या."

रमाईचं, बाबासाहेबांच्या पत्नीचं, नाव निघालं की वस्तीतल्या बायकांचा हात आपोआप पदराकडं जायचा. जाईबाईचाही गेला. ज्या बाईनं गोवऱ्या थापून घर चालवलं आणि नवऱ्याच्या वाटेकडं पाहत जन्म काढला, तिला आपण काय सांगणार? मग तिला वाटलं, सांगायचं तर तिलाच सांगता येईल.

"रमाईचं मी पाहून घेईन. बाईले बाईचं समजते," ती म्हणाली. "मिरवनूक निंगते का त्या दिवशी?"

"नाई."

"भाषनं?"

"नाई अजून."

"मंग तोच दिवस."

पत्रिका छापल्या. बुधवार, सत्तावीस मे, सायंकाळी पाच. देवमन पत्रिका वाटताना लोकांना आपणहून खुलासा करायचा की तारीख घरच्यांनी काढली, त्याचा त्यात हात नाही.

पौर्णिमेचा दिवस झकास पार पडला. मिरवणूक निघाली, भोंगे वाजले, वस्तीतली लग्नं लावणाऱ्या शेषराव गुरुजींनी शाळेला सुट्टीच असल्यामुळं निवांत पाचही लग्नं लावली, आणि एकाही लग्नात कुठं माशी शिंकली नाही. सत्तावीसला सकाळच्या पॅसेंजरनं नत्थुजींची मंडळी आली. अंगणात मांडव पडला होता, शेजारच्या तीन घरांत चुली पेटल्या होत्या, बँडवाले येऊन सावलीला टेकले होते. भयंकर ऊन होतं, पण वऱ्हाडात मे महिन्यात लग्न काढायचं आणि उन्हाबद्दल बोलायचं, असं कुणी करत नाही. दुपारी दोनच्या सुमाराला जाईबाईनं मांडवातून एक फेरी मारली. शालू आत बौद्ध रिवाजाप्रमाणं पांढरी साडी नेसून बसली होती. सगळं जिथल्या तिथं होतं. कितीतरी वर्षांनी तिच्या छातीवरचं ओझं उतरलं आणि ती पहिल्यांदा सावकाश पाणी प्यायली.

आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलातला रेडिओ गाणं लावता लावता थांबला.

पंडित नेहरू गेले. बातमी आधी कुणाला खरी वाटेना, मग सगळ्यांना एकदमच खरी वाटली. हॉटेलवाल्यानं भट्टीवर पाणी ओतलं. जाईबाईला वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. इतकी वर्षं रोज त्या माणसाचं नाव ऐकलं होतं. पण त्याच्या मागोमाग तिच्या मनात आलं की एवढ्या तीनशे पासष्ट दिवसांत नेहरूंना नेमका आजचाच दिवस सापडावा, आणि असं मनात आलं म्हणून तिला जास्तच वाईट वाटलं.

मग एकेक गोष्ट हातातून निसटायला लागली. बँडवाले उठले, आज वाजवलं तर लोक मारतील म्हणाले. भोंगेवाल्यानं आपला भोंगा खाली उतरवला. बाजार बंद झाला आणि मिठाईवाल्यानं बुंदी आत ठेवून दुकानाला कुलूप घातलं ते घातलंच. फुलांचे हार इंदूबाई माळीण आणणार होती. तिच्या मळ्यातली फुलं चौकातल्या फोटोसाठी लोक टोपल्यांनी उचलून घेऊन गेले. ती आली तेव्हा टोपली रिकामी होती. आत एक ओलं पोतं होतं, आणि पोत्याखाली दोन हार.

"हे नाई देले मी," इंदूबाई म्हणाली. "लय मागतले. म्हनलं, हे शालूचे हायत." जाईबाईनं ते दोन हार घेतले आणि पुन्हा ओल्या पोत्यात गुंडाळून सावलीला ठेवले.

तेवढ्यात मांडवात नत्थुजी उभे राहिले. त्यांनी टोपी काढून हातात धरली होती.

"इवाई, माहं आयका," ते देवमनला म्हणाले. "पोरगा फौजेत हाय. पंतप्रधान गेले अन् आपन लग्न लावून राहिलो, हे बरं नाई दिसत. लोकं तोंडात शेन घालतीन. आज राहू द्या. पुढच्या रजेत पाहू."

पुढच्या रजेत. जाईबाईनं दाराकडं पाहिलं. शालू उभी होती आणि तिनं ते ऐकलं होतं. पुढची रजा म्हणजे वर्ष, आणि वर्षाच्या आत भावाची पोरगी. मांडवातले सगळे देवमनकडं पाहत होते, कारण अशा वेळी तो काय म्हणणार हे लहान पोरालाही ठाऊक होतं. मोठा दिवस म्हणजे देवमन. आता हा उठेल, गळा साफ करेल आणि राष्ट्रावर बोलायला लागेल. जाईबाईचं डोकं फिरलं.

"बोला आता," ती सगळ्यांच्या देखत म्हणाली. "रिकामा दिवस मागतला होता म्या. भरला तो बी. आता हा बी देऊन टाका."

देवमन उठला. त्याचे डोळे लाल झाले होते. त्यानं गळा साफ केला, तेव्हा जाईबाईनं मान दुसरीकडं वळवली.

"नत्थुजी, नेहरूजीसाठी माह्या बी पोटात तुटून राहिलं," तो म्हणाला. "राती मी जेवनार नाई. पन हे तारीख आमी महिन्याआधी छापली. तवा ते एकट्या रमाईची होती, अन् शालूच्या मायनं रमाईले इचारून घेतली हाय. आपल्या लोकायले आजवर कुठी पयला नंबर भेटला, सांगा. विहिरीवर नाई, शाळेत नाई, दवाखान्यात नाई. मोठं मानूस आलं की आपन बाजूले. आज पयल्यांदा एका दिवसावर आपला नंबर आधी लागला हाय. मी नाई सोडत."

नत्थुजींनी सहदेवकडं पाहिलं.

"मी तयार हाओ, बाबा," सहदेव म्हणाला. "बाजा नसला तं काई अडत नाई."

"बाजा आपल्या विधीत लिवलाच कुठी हाय?" शेषराव गुरुजी म्हणाले आणि मेणबत्ती पेटवायला काडेपेटी शोधू लागले. नत्थुजींनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली आणि खाली बसले.

जाईबाई नवऱ्याकडं पाहत राहिली. वीस-बावीस वर्षांत त्याचं वेड पहिल्यांदाच तिच्या बाजूनं बोललं होतं, आणि त्याचं काय करावं ते तिला कळेना. ती आत गेली आणि उगीचच वरणात मीठ घालून आली. ते आधी एकदा घातलेलं होतं.

लग्न लागलं ते असं की तसं लग्न अकोट फैलात पुन्हा झालं नाही. वधू पांढऱ्या साडीत, नवरदेव पांढऱ्या सदऱ्यात, वऱ्हाडी पांढऱ्या कपड्यांत, कुठं आवाज नाही, समोर मेणबत्त्या आणि दोन हार. बंद पडलेल्या बाजारातून घरी जाणाऱ्या लोकांना वाटलं, वस्तीनं शोकसभा ठेवली आहे. एकेक जण चपला काढून आत येऊ लागला. दोन कारकून आले, एक पोस्टमन आला, सायकल लावून एक मास्तर आला. सगळे माना खाली घालून मागं बसले. पाहुण्यांना वाटलं मुलीकडचे, मुलीकडच्यांना वाटलं पाहुण्यांचे. शालूनं सहदेवच्या गळ्यात हार घातला तेव्हा कुठं मागच्या रांगेत चुळबूळ झाली. मास्तर अर्धवट उठला, आता उठणं बरं दिसत नाही असं त्याला वाटलं असावं, आणि पुन्हा बसला. जेवणाच्या वेळी जाईबाईला पंगतीत दहा-बारा तोंडं जास्त सापडली. खारट वरणाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. आज कुणाची चव ठिकाणावर नव्हती.

मंगलपरिणय झाल्यावर दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं देवमननं सुचवलं, आणि ते योग्यच होतं. जाईबाईही डोळे मिटून उभी राहिली. पण दोन मिनिटं संपली तरी देवमन बसेना. "आजचा दिवस," त्यानं सुरुवात केली, आणि थेट गौतम बुद्धापासून. तिथून तो सम्राट अशोकाकडं वळला. नेहरूंपर्यंत यायला अजून बावीसशे वर्षं होती आणि बडनेऱ्याकडं जाणारी गाडी तासाभरात सुटणार होती. आताच या माणसाच्या पाया पडावं असं वाटत होतं, आणि आताच हा असा. जाईबाईनं मागून त्याचा सदरा ओढला.

"बसा खाली. पोरीची गाडी चुकते."

तो अशोकाच्या चक्राशी येऊन थांबला आणि बसला.

स्टेशनवर नेहमीचा कोलाहल नव्हता, पण गर्दी नेहमीपेक्षा जास्त होती. लोक घोळक्यानं उभे होते, मधेच कुणी रुमाल डोळ्यांना लावत होतं. एक हमाल आपल्या पोत्यावर बसून लहान मुलासारखा रडत होता. शालू खिडकीशी बसली. तिनं हात बाहेर काढला तो जाईबाईनं दोन्ही हातांत धरला. सुईनं टोचून टोचून खडबडीत झालेली बोटं. काय सांगायचं ते सगळं ठरवलं होतं, सासूशी कसं वाग, पाणी उकळून पी, पत्र टाक. त्यातलं एकही तोंडातून निघेना. गाडी हलली, बोटं सुटली, आणि मग जाईबाईच्या तोंडून जो हंबरडा निघाला तो तिला आवरता आला नाही. देवमन बाजूला उभा होता, त्याचेही खांदे हलत होते, त्याचा तिला काही उपयोग नव्हता.

कोट-टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ घोळक्यातून पुढं आले. त्यांचेही डोळे भरलेले होते. त्यांनी हात जोडले.

"रडू नका, बाई," ते म्हणाले. "आज सगळा देशच रडतो आहे. आपल्या सर्वांचंच माणूस गेलं."

जाईबाईनं पदर डोळ्यांवरून काढला. गाडी सिग्नलच्या पलीकडं गेली होती.

"मी माह्या पोरीसाठी रडून राहिली, बाबूजी," ती म्हणाली. "आजचा दिवस तिचा हाय. नेहरूजीसाठी उद्या रडीन."